सुवार्ता, मटोके आणि हापसा

युगांडात दहापैकी आठ माणसं ख्रिस्ती आहेत. हे आमच्या मंडळीला ठाऊक होतं, तरी आम्ही नगरहून तिकडे सुवार्ता सांगायला निघालो. "ज्यांना माहीत आहे त्यांना सांगणं सोपं जातं," असं पाळकसाहेबांचं म्हणणं. वर्षानुवर्षं त्याच श्रोत्यांना तेच कीर्तन ऐकवणाऱ्या माणसाचं हे मत अनुभवाचंच म्हणायचं.

गटात पाळकसाहेब, तरुण संघाची गिटारवाली पोरं, महिला मंडळाच्या मावशी आणि जिल्हा परिषदेच्या हातपंप दुरुस्ती पथकातून निवृत्त झालेले काका. काकांना ना गाता येई, ना बोलता. "मग येताय कशाला?" असं मावशींनी विचारलं, तेव्हा काका म्हणाले, "पासपोर्ट काढलाय ना!" मावशींच्या पिशवीत थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि लोणच्याची बरणी. आफ्रिकेत खायला काय मिळणार, ही चिंता त्यांनी सगळ्या मंडळीच्या वतीने एकटीने केली होती.

एंटेबीला उतरून कंपालामार्गे जिंजा. नाईल नदी इथेच व्हिक्टोरिया सरोवरातून बाहेर पडते आणि गांधीजींच्या अस्थींचा काही भाग १९४८ साली इथेच विसर्जित झाला. तिथल्या गांधीजींच्या पुतळ्यासमोर सगळ्यांनी फोटो काढले. जिंजा मागे पडलं आणि दोन्ही बाजूंना ऊस लागला. नगर जिल्ह्याच्या माणसाला ऊस दिसला की परकं वाटत नाही. त्यात वाटेत भेटेल तो आमच्याकडे पाहून "काकिरा?" असं विचारी. काकिराचा साखर कारखाना माधवानी या गुजराती घराण्याचा, त्यामुळे हिंदी चेहरा दिसला की तो कारखान्याचाच, असा तिकडचा हिशेब. नाही म्हणताना काकांच्या जिवावर येई.

मुक्कामाच्या गावी पोचल्यावर पहिला फटका पाळकसाहेबांच्या वेळापत्रकाला बसला. ते त्यांनी नगरलाच छापून आणलं होतं. यजमानांनी निरोप दिला, "उद्या बायकांची प्रार्थना तीन वाजता." पाळकसाहेब निवांत झाले. पण तिकडे घड्याळ सूर्याबरोबर सुरू होतं. सकाळचे सात म्हणजे एक वाजला, आठ म्हणजे दोन. सकाळी नऊच्या ठोक्याला अंगण बायकांनी भरलं आणि पाळकसाहेब लुंगीवर, अर्ध्या गालाला साबण लावलेल्या अवस्थेत बाहेर आले. एकही बाई हसली नाही. युगांडातल्या सभ्यतेबद्दल मला याहून मोठा पुरावा नको.

ती सभ्यता मावशींना मात्र जड गेली. तिथल्या बायका वडीलधाऱ्यांना गुडघे टेकून नमस्कार करतात. एक प्रौढ बाई मावशींसमोर गुडघ्यांवर बसल्या. मावशी "अगंबाई, सलाम, सलाम" करत त्यांना उठवायला गेल्या, जमेना म्हणून स्वतःही खाली बसल्या. आता आधी कोणी उठायचं? दोघीही मानी. शेवटी दोघींचे गुडघे एकदमच धरले आणि पोरींनी काखेत हात घालून त्यांना उभं केलं. पुढचे सगळे दिवस त्या दोघी एकमेकींना सोडून राहिल्या नाहीत, भाषा एकीला दुसरीची येत नसताना.

जेवणात मटोके. म्हणजे हिरवी केळी सोलून, केळीच्याच पानांत बांधून, वाफवून कुस्करलेली. त्यावर दाण्याचा रस्सा. मावशींनी बोट बुडवून चाखलं आणि म्हणाल्या, "ही तर दाण्याची आमटी! गूळ तेवढा राहिला." चपाती तर कोपऱ्याकोपऱ्यावर. १८९६ साली मोंबासाहून रेल्वे बांधायला घेतली तेव्हा हिंदुस्थानातून मजूर गेले, त्या काळात ती तिकडे रुजली आणि तेल पिऊन चांगली जाड झाली. भाजणीची पिशवी शेवटपर्यंत उघडली गेली नाही.

रविवारची उपासना सकाळी सुरू होऊन दुपारपर्यंत चालली. पाळकसाहेबांनी आमची थोरवी सांगितली. अमेरिकन मराठी मिशनचं काम मुंबईत १८१३ साली सुरू झालं, नगरला १८३१ साली, आणि युगांडात पहिले मिशनरी आले १८७७ साली, म्हणजे आम्ही थोरले. दुभाष्याने हे इमानाने सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि लगेच इतकं अप्रतिम गायला लागले, की आमच्या पोरांनी गिटार हळूच बाकाखाली सरकवली.

मग दानाचा लिलाव. ज्यांच्याकडे रोख नाही ते अंडी, ऊस, फणस, कोंबडी आणून वाहतात, आणि उपासनेनंतर त्यांची बोली लागते. नगरलाही हंगामाच्या सणाला हे होतं, आणि तिथे काका लिलावभर हात खिशात ठेवून बसतात. इथे शेवटच्या गाण्याने त्यांना भरून आलं आणि त्यांनी "हालेलुया" म्हणत हात वर केला. कोंबडा तीस हजारांना त्यांच्या नावावर लागला. तीस हजार ऐकून काकांचा चेहरा पडला. ते शिलिंग आहेत, आपले सातशे-आठशे रुपये, हे समजावेपर्यंत कोंबडा त्यांच्या मांडीवर होता. तो त्यांनी पुन्हा देवालाच वाहिला. तो पुन्हा लिलावात निघाला. काका या वेळी हातांवर बसले.

आमचं मुख्य सेवाकार्य म्हणजे शाळेची भिंत रंगवणे. पोरं खरवडायला लागली. निळ्याखाली पोपटी निघाला, पोपटीखाली गुलाबी, गुलाबीखाली पिवळा. मुख्याध्यापकांना विचारलं, तर म्हणाले, "परदेशातून गट येतो, प्रत्येक गटाचा एक रंग." भिंतीला रंगाची गरज होती का? ते फार सौम्यपणे म्हणाले, "पाहुण्यांच्या हाताला काहीतरी काम द्यावं लागतं." छप्पर गळत होतं. त्याबद्दल कोणत्याच गटाला कोणी विचारलं नव्हतं, आणि गटांनीही.

काका भिंतीकडे फिरकलेच नाहीत. शाळेमागून कुईंऽ कुईंऽ असा आवाज येत होता आणि ते त्या दिशेने ताडताड निघाले होते. पिवळे कॅन रांगेत ठेवून बायका पाणी भरत होत्या. तीन पायांवर उभा, लांब दांड्याचा हापसा. काकांनी त्याच्यावरून हात फिरवला. हा इंडिया मार्क टू. जालना आणि सोलापूरकडच्या मिशनवाल्यांनी दुष्काळी गावांसाठी घडवलेल्या पंपांवरून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने हा तयार झाला आणि पुढे आफ्रिकाभर पोचला. युगांडात त्याचीच आवृत्ती यू टू नावाने चालते.

पाणी समितीच्या बाई पान्यासकट पुढे आल्या आणि हा म्हातारा कोण, याची आधी चौकशी केली. काकांनी मराठीतून आपल्या नोकरीची सगळी हकिकत सांगितली. बाईंना त्यातलं 'मार्क टू' एवढं कळलं आणि तेवढं पुरलं. झाकणाचा बोल्ट काढला. आत साखळी कोरडी ठाक. बाईंनी ग्रीसचा डबा आणला, तो रिकामा होता, हेच त्यांचं गाऱ्हाणं होतं. काका बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, चालकाला मिठी मारून गेले आणि बाजारातून डबा घेऊन आले. साखळीला ग्रीस चोपडलं, चार वेळा दांडा हाणला. आवाज बंद.

तुमची मंडळी अशी कुठे निघणार असेल, तर पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी टोचून घ्या. भाजणी नेऊ नका. हापसा दुरुस्त करणारा एक माणूस न्या, मग त्याला गाता येत नसेना का. आणि भिंत रंगवायला दिली, तर ब्रश हातात घेण्याआधी छपराची चौकशी करा.