सरप्राइजचा हट्ट सोडा

गेमरला व्हीआर हेडसेट भेट द्यायचं मनात असेल, तर सगळ्यात आधी सरप्राइजचा हट्ट सोडा. चकचकीत कागद, वर रिबीन, केक कापताना अचानक पुढे केलेला खोका हे सगळं घड्याळाला चालतं, पुस्तकाला चालतं. हेडसेटला चालत नाही. ही वस्तू दोन बुबुळांमधल्या अंतरावर, डोळ्यांच्या नंबरावर, खोलीतल्या मोकळ्या जागेवर आणि घरात आधीपासून असलेल्या यंत्रावर अवलंबून असते. चष्मा कुणी कुणाला न विचारता परस्पर करून आणतं का? मग त्याहून कितीतरी महाग आणि तितकीच डोळ्यांना भिडणारी ही वस्तू आपण अंदाजपंचे का आणतो?

पहिला प्रश्न किमतीचा नाहीच. तुमचा गेमर खेळतो काय आणि कशावर, हा आहे. आपल्याकडची बहुतेक मुलं फोनवर खेळतात, म्हणजे बीजीएमआय, फ्री फायर. घरात पीसी असेल तर व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक. प्लेस्टेशन असेल तर जीटीए आणि फुटबॉल. यातला एकही गेम हेडसेट घालून खेळण्यासाठी बनवलेला नाही. मित्रांची चौकडी रात्री जेवणं उरकून ज्या लॉबीत जमते, ती लॉबी त्या खोक्यात नसते. मुलगा खोका उघडतो, आठवडाभर आल्यागेल्याला डायनासोर आणि रोलर कोस्टर दाखवतो आणि पुन्हा फोन घेऊन कोपऱ्यात बसतो. मग घरात सुरू होतं, "एवढे पैसे घातले, आणि आता ढुंकून बघत नाही." यात मुलाचा काडीचा दोष नाही. त्याच्या आवडीचा खेळ एक, तुम्ही आणलात भलताच.

व्हीआरला कमी लेखायचं म्हणून हे सांगत नाही. ज्याला या माध्यमाची गोडी लागते, त्याला साधी स्क्रीन सपाट वाटायला लागते. २०२० मध्ये व्हॉल्व्ह कंपनीचा 'हाफ-लाइफ: ॲलिक्स' आला. त्यात पिस्तूल भरायला बटण दाबून भागत नाही. हात खांद्यामागे न्यायचा, पाठीवरून मॅगझीन काढायचं, ते मुठीत नीट बसवायचं, मग वरची स्लाइड सोडायची. समोरून अंगावर चालून येणारं काहीतरी असतं, घाईत हात चुकतो, मॅगझीन खाली पडतं आणि तुम्ही खरोखर वाकून ते शोधायला लागता. टीव्हीसमोर सोफ्यावर बसून हा अनुभव मिळत नाही. 'बीट सेबर' हा चेक स्टुडिओचा गेम त्याहून साधा आहे. दोन हातांत दोन प्रकाशाच्या तलवारी, गाण्याच्या ठेक्यावर उडत येणारे ठोकळे, ते छाटायचे. तीन गाण्यांत घाम निघतो. क्रिकेटवेड्यांसाठी हैदराबादच्या कंपनीने केलेला 'आयबी क्रिकेट' आहे. हातात बॅट आल्यासारखं वाटतं आणि उसळलेला चेंडू पाहून मान आपोआप मागे जाते. असं काही करून बघायची ज्याला ओढ आहे, त्यालाच हेडसेट द्या. ज्याला रँक वाढवायचा आहे, त्याला देऊ नका.

आता बाजारातली फसगत. कुठल्याही शॉपिंग साइटवर 'व्हीआर हेडसेट' शोधा, हजार-दोन हजारांचे खोके धडाधड समोर येतात. चित्रात तोंड उघडं टाकलेला मुलगा, मागे अंतराळयान, खाली 'गेमिंग' असं मोठ्या अक्षरात. आत असतो प्लॅस्टिकचा डबा, दोन भिंगं आणि फोन सरकवायचा कप्पा. गूगलने २०१४ मध्ये हीच कल्पना चक्क पुठ्ठ्याच्या खोक्यात आणली होती आणि तेव्हा ती चमकदार होती. २०२३ च्या आयपीएलच्या वेळी जिओने १,२९९ रुपयांत जिओडाइव्ह काढला, तोही फोन आत ठेवायचाच, पण तो मॅच बघण्यासाठी आहे हे त्यांनी सरळ सांगितलं होतं. घोटाळा आहे तो अशा डब्यावर 'गेमिंग' लिहून विकणाऱ्यांचा. डब्यातल्या फोनला तुमचं डोकं कुठल्या दिशेला वळलं एवढंच कळतं. तुम्ही एक पाऊल पुढे गेलात, खाली वाकलात, हात उचललात, यातलं काहीच कळत नाही. 'ॲलिक्स' किंवा 'बीट सेबर' सारखे गेम त्यावर चालूच शकत नाहीत. सॅमसंगने आणि खुद्द गूगलनेही फोनवाल्या हेडसेटचा नाद केव्हाच सोडला आहे. दुकानात एकच प्रश्न विचारा, "यात फोन ठेवावा लागतो का?" उत्तर 'हो' आलं की खोका परत करा आणि निघा.

खऱ्या हेडसेटचे पर्याय मोजकेच आहेत. घरात पीएस५ असेल तर प्लेस्टेशन व्हीआर२. जागतिक बाजारात तो फेब्रुवारी २०२३ मध्ये आला, भारतात यायला डिसेंबर उजाडला. ओएलईडी स्क्रीन, काळोख खरंच काळा दिसतो, 'ग्रॅन टुरिस्मो ७' सारखा गेम स्टीअरिंगसमोर बसून खेळणाऱ्याला तर तो सोडवत नाही. पण पीएस५ नसेल तर नुसत्या त्याचा उपयोग नाही. पीसीला जोडायचा तर वेगळा ॲडॉप्टर घ्यावा लागतो आणि पीसीही दणकट ग्राफिक्स कार्डाचा लागतो. शिवाय पहिल्या पीएस व्हीआरचे जुने गेम यावर चालत नाहीत. मोठ्या भावाकडच्या डिस्कवर भिस्त ठेवणाऱ्यांनी हे आधीच ऐकून ठेवावं.

पीसी नाही, प्लेस्टेशनही नाही, अशा घरासाठी मेटाचा क्वेस्ट. त्यात प्रोसेसर, बॅटरी, सगळं डोक्यावरच असतं. क्वेस्ट ३ अमेरिकेत ऑक्टोबर २०२३ मध्ये ४९९ डॉलरला आला आणि वर्षभराने स्वस्तातला क्वेस्ट ३एस २९९ डॉलरला. दोघांत प्रोसेसर तोच, फरक आहे तो भिंगांत आणि स्क्रीनमध्ये. क्वेस्ट ३ ची भिंगं कडेपर्यंत स्वच्छ दाखवतात. ३एस मध्ये जुन्या पद्धतीची फ्रेनेल भिंगं आहेत, नजर मध्यावर असली की ठीक, कडेला गेली की धूसर. बॅटरी साधारण दोन तास पुरते. कंट्रोलरमध्ये पेन्सिल सेल लागतात, तेव्हा चार्ज होणारे सेल सोबत द्या. ॲपलचा व्हिजन प्रो ३,४९९ डॉलरला निघाला आणि निघाला तेव्हा सोबत हातातले कंट्रोलरच नव्हते. गेमरसाठी तो विचारातच घेऊ नका.

किमतीवर लोक तासन् तास घासाघीस करतात आणि डोळ्यांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो. दोन बुबुळांमधलं अंतर माणसागणिक वेगळं असतं. प्रौढांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास, पण कुणाचं ५७, कुणाचं ७०. भिंगांमधलं अंतर याला जुळलं नाही, तर चित्र धूसर दिसतं, डोळे ताणले जातात, अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागतं. क्वेस्ट ३ मध्ये हे अंतर एका मर्यादेत चाक फिरवून लावता येतं. ३एस मध्ये तीनच खाचा आहेत, ५८, ६३ आणि ६८. तुमच्या मुलीचं माप या खाचांत बसत नसेल, तर दोन हजार वाचवले काय नि वीस हजार वाचवले काय, तिला त्याचा त्रासच होणार. चष्म्याच्या दुकानात हे माप दोन मिनिटांत काढून देतात. चष्मा करताना बहुधा ते लिहिलेलंही असतं. घरातला जुना कागद काढून बघा.

चष्मा असेल तर आणखी एक गोष्ट. चष्मा लावून हेडसेट घालता येतो, पण चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगावर घासली की कायमचा ओरखडा उठतो. नंबराची चकती भिंगावर बसवून मिळते, तिचे पैसे भेटीच्या हिशोबात धरा. आणि हेडसेट कधीही खिडकीत ठेवू नका. उन्हाची तिरीप भिंगातून आत गेली की ती एका बिंदूवर गोळा होते आणि स्क्रीन जाळते. तो डाग जात नाही.

काहींना व्हीआरमध्ये मळमळतं. डोळे सांगतात आपण पळतोय, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं अवयवतंत्र सांगतं आपण उभे आहोत, आणि मेंदू या भांडणात अडकतो. ज्याला घाटात गाडी लागते त्याला हा त्रास व्हायची शक्यता जास्त. हळूहळू सवय होते, सगळ्यांना होतेच असं नाही. मुलाला मळमळायला लागलं की त्याला "थोडं सहन कर" असं सांगू नका. हेडसेट काढा, पाणी द्या, त्या दिवशी पुन्हा घालू नका. लहान मुलांच्या बाबतीत तर कंपन्यांनीच हात आखडता घेतला आहे. मेटा दहा वर्षांखालच्यांना वापरू देत नाही, सोनी बारा वर्षांखालच्यांना. पहिलीतल्या भाच्यासाठी हेडसेट घेणाऱ्या मामाने खोक्यावरचा बारीक मजकूर वाचावा.

घरात जागा किती? उभं राहून, हातपाय हलवून खेळायला साधारण दोन मीटर बाय दोन मीटर मोकळी फरशी लागते. वन बीएचकेच्या हॉलमध्ये सोफा, टीपॉय, टीव्हीचं युनिट, देवघर, शिलाई मशीन मांडल्यावर तेवढी उरते का, टेप घेऊन मोजा. वरही बघा. आपल्याकडे छताला पंखा असतो, भिंतीला ट्यूबलाइट. डोळ्यांवर हेडसेट आहे, वरून येणारा ठोकळा छाटायला हात झटकन वर जातो आणि कंट्रोलर पात्यात अडकतो. हेडसेट फरशीवरची हद्द आखून दाखवतो, डोक्यावरच्या पंख्याबद्दल चकार शब्द काढत नाही. हात लागू नये म्हणून आजीला त्या वेळेपुरतं आतल्या खोलीत बसवा. पंखा बंद केला तर मे महिन्यात घामाची धार लागते आणि तो घाम फोमच्या गादीत मुरतो. २०२१ मध्ये क्वेस्ट २ च्या फोममुळे काहींच्या चेहऱ्यावर पुरळ उठलं. अमेरिकेत सुमारे ४० लाख गाद्यांसाठी रिकॉल जाहीर झाला आणि कंपनीला सिलिकॉनचं आवरण फुकट द्यावं लागलं. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत सिलिकॉनचं आवरण पहिल्या दिवसापासून वापरा. ते पुसता येतं.

आणि कंपनीवर आंधळा भरवसा नको. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मिक्स्ड रिॲलिटीवर चालणारा एचपीचा रिव्हर्ब जी२ हा उत्तम स्क्रीनचा हेडसेट लोकांनी ६०० डॉलर मोजून घेतला होता. मायक्रोसॉफ्टने डिसेंबर २०२३ मध्ये ती प्रणाली बंद करायचं जाहीर केलं आणि २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीतून ती काढूनच टाकली. स्क्रीन धड, भिंगं धड, केबल धड, तरी नव्या विंडोजवर हेडसेटला कंपनीचा आधारच उरला नाही. चालता हेडसेट एका अपडेटने अडगळीत टाकणं हा ग्राहकाशी केलेला अन्याय आहे, आणि तो तसाच म्हटला पाहिजे. म्हणून कुणी जुना हेडसेट स्वस्तात देत असेल, तर त्याला अजून अपडेट मिळतात का ते आधी तपासा.

क्वेस्ट २ आणि क्वेस्ट ३ बाजारात आले, तेव्हा मेटाच्या अधिकृत विक्रीच्या देशांत भारत नव्हता. त्यामुळे इथे जे दिसत होते, ते बरेचसे बाहेरून आणलेले, वर भरपूर नफा लावलेले. "सर, वॉरंटी आपल्या दुकानाची," असं दुकानदार म्हणाला की ती कागदावर लिहून घ्या. अमेरिकेतला दीर किंवा मामा घेऊन येणार असेल तर बिल जपायला सांगा. बिघाड झाला तर त्याच बिलावर तिथेच दाद मागावी लागते, इथलं सर्व्हिस सेंटर हात वर करू शकतं. गेमचे पैसेही वेगळे लागतात. रिकामा हेडसेट देऊन मुलाला खिशातून गेम घ्यायला लावू नका, निदान दोन चांगले गेम सोबत द्या.

म्हणून मुलाशी, भावाशी, नवऱ्याशी, जो कुणी तुमचा गेमर असेल त्याच्याशी मोकळेपणी बोला. मोठ्या मॉलमध्ये व्हीआरचे झोन असतात, मित्रांपैकी कुणाकडे तरी हेडसेट असतो. त्याला एकदा अर्धा तास घालून खेळू द्या, चष्म्यासकट. बाहेर आल्यावर त्याचे डोळे चमकत असतील, तर त्याच्याच पसंतीचा, त्याच्या मापाचा हेडसेट घ्या. आणि तो म्हणाला की नको, मला माझ्या पीसीला ग्राफिक्स कार्ड हवंय, तर तोंड पाडू नका, ग्राफिक्स कार्ड घेऊन द्या.