आधी आयडीई ठरू दे

जावा शिकायला बसलं की पहिला प्रश्न प्रोग्रामचा नसतो. पहिला प्रश्न असतो, तो लिहायचा कशात, म्हणजे कोणत्या आयडीईत? आणि या प्रश्नाला इतकी उत्तरं आहेत, की मनापासून आळशी असलेला माणूस त्यांच्यावर आरामात काही महिने काढू शकतो. वर पुन्हा ‘अभ्यास चालू आहे’ असं तोंड वर करून सांगूही शकतो. तबला लावण्यातच मैफल संपवणारे तबलजी मी पाहिलेत. मी त्यांच्याच घराण्यातला.

निमित्त झालं सोसायटीचं. मेंटेनन्स थकवणाऱ्यांकडून आमच्याकडे वर्षाला 21 टक्के सरळ व्याज घेत. तेव्हाच्या आदर्श उपविधींनी घालून दिलेली ही कमाल मर्यादा, आणि कमाल म्हटल्यावर आमच्या कमिटीनं ती गाठली नसती तरच नवल. हे व्याज खजिनदार वहीत काढायचे. वार्षिक सभेत त्यावर वाद पेटला असताना मी म्हणून गेलो, “त्यात काय, जावात एक छोटासा प्रोग्राम लिहिला की झालं.” जावा हे नाव मी भाच्याच्या तोंडून ऐकलं होतं, एवढंच. पण सभेत एकदम वजन पडलं. सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात लिहूनही घेतलं. इतिवृत्तातलं खोडता येत नाही.

भाचा हिंजवडीला असतो. त्याला फोन केला.

“मामा, सरळ इंटेलिजे टाक. रॅम किती आहे?”

“चार.”

“चार जीबी मोकळी?”

“एकूण.”

पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. फोन कट झाला असं वाटून मी हॅलो हॅलो करू लागलो, तेव्हा तो म्हणाला, “मामा, तू एक्सेलमध्ये का नाही करत?” मला याचा राग आला. इतिवृत्तात जावा लिहिलंय, एक्सेल नाही.

आमचा कॉम्प्युटर तसा गुणी आहे. ड्युअल कोअर, 4 जीबी रॅम, 500 जीबीची फिरती हार्ड डिस्क, विंडोज 10. लाइट बिल भरणं, रेल्वेचं तिकीट काढणं, यात त्यानं कधी मान टाकली नाही. भाच्याकडून त्याच्यावर अन्याय होतोय असं मला वाटलं, कारण मी तोवर जावाचा इतिहास वाचला होता. (प्रोग्राम लिहायच्या आधी इतिहास वाचायलाच हवा, असं मी घरात जाहीर केलं होतं.) 1991 मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेम्स गॉस्लिंग आणि मंडळींनी ही भाषा जुळवायला घेतली, ती घरगुती उपकरणांसाठी. टीव्हीला जोडायच्या छोट्या डब्यात चालावी, हा हिशेब. ती लोकांपुढे आली 1995 मध्ये. तिची एक बारकी आवृत्ती आजही मोबाइलच्या सिमकार्डात चालते. नखाएवढ्या सिमकार्डात! आणि तीच भाषा लिहायच्या सॉफ्टवेअरची रॅमची अपेक्षा पाहिली, तर 8 जीबी. माझ्या खिशातलं सिमकार्ड जावा चालवू शकतं, पण टेबलावरचा अख्खा कॉम्प्युटर ती लिहायला नालायक ठरतो, हे काही मला पटेना. मी एकामागून एक अशी सगळीच सॉफ्टवेअरं उतरवून घेतली.

उतरवताना असं लक्षात आलं, की या धंद्यात प्राग शहराचा हात फार मोठा आहे. नेटबीन्स हा 1996 साली तिथल्या विद्यार्थ्यांनी केलेला प्रकल्प. इंटेलिजे बनवणारी कंपनी 2000 साली स्थापन झाली, तीही प्रागमध्येच. एक्लिप्स तेवढं आयबीएमचं. 2001 मध्ये त्यांनी ते सर्वांसाठी खुलं केलं. ही सगळी माहिती मी हिला जेवताना सांगितली. ती म्हणाली, “आणि व्याज?”

व्याजाकडे येतोच. पण आधी हे समजून घेतलं पाहिजे की ही सॉफ्टवेअरं नुसतं टाइप करून घेत नाहीत. तुम्ही एक अक्षर मारलं की ती अख्खा मजकूर पुन्हा वाचतात, चूक शोधतात, पुढे काय लिहाल याचा अंदाज करतात. त्यासाठी जावाचं सगळं भांडार आधीच पालथं घालून त्याची सूची करून ठेवतात. शिवाय ती स्वतः बव्हंशी जावातच लिहिलेली. म्हणजे ती चालवायलाही जावाचं आभासी यंत्र लागतं, आणि ते सुरू होतानाच रॅममधला आपला वाटा अडवून बसतं. उरल्यासुरल्यात विंडोज, अँटिव्हायरस आणि मी. रॅम संपली की विंडोज सामान हार्ड डिस्कवर हलवायला लागतं, आणि फिरत्या डिस्कवरून ते परत आणायचं म्हणजे काय, हे टास्क मॅनेजर उघडून पाहावं. डिस्कपुढे 100 टक्के हा आकडा लाल होऊन बसलेला. टास्क मॅनेजर उघडायलाही त्याच डिस्कची परवानगी लागते, त्यामुळे तो आकडा दिसायचा तोवर माझी अंघोळ उरकलेली असायची.

एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. ओळीच्या शेवटी अर्धविराम द्यायचा, हे जावात सक्तीचं. मी दिला. पडद्यावर काही उमटेना. की नीट दाबली गेली नसेल म्हणून पुन्हा दाबली. मग जरा जोरात. मग डाव्या हातानं. यथावकाश सगळे अर्धविराम एकदम, रांगेत, शिस्तीत येऊन उभे राहिले. आणि यंत्रानं चूक दाखवली नाही! जावात मोकळा अर्धविराम म्हणजे ‘काहीही न करण्याची आज्ञा’, आणि ती पूर्ण वैध आहे. या भाषेशी आपलं जमणार, असं मला पहिल्यांदा तिथे वाटलं.

मग सुरू झालं ट्यूनिंग. एक्लिप्सच्या घरात एक साधी मजकुराची फाइल असते. रॅम जास्तीत जास्त किती घ्यायची ते तिच्यात लिहिता येतं. मी आधी 256 एमबी लिहिलं. मेमरी संपल्याचं पत्रक देऊन ते झोपलं. मग दानशूरपणे 3 जीबी लिहिलं, तेव्हा विंडोज झोपलं. मधला आकडा शोधण्यात फार आनंदाचे दिवस गेले. पार्श्वभूमी काळी हवी की पांढरी, यावरही मी बराच विचार केला. अक्षराचा टाइप कोणता, यावर तर त्याहून जास्त. शून्य आणि इंग्रजी ‘ओ’ यांत फरक दिसलाच पाहिजे, असं माझं ठाम मत झालं. व्याज काढणाऱ्याला शून्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही, असंही मी हिला ऐकवलं. हे वाक्य पुढे मला महागात पडलं.

मधल्या काळात रॅम वाढवायला लॅमिंग्टन रोडलाही जाऊन आलो. दुकानदारानं बोर्डाचं नाव ऐकलं आणि अत्यंत आदरानं विचारलं, “काका, चालू आहे अजून?”

नोटपॅड आणि काळी खिडकी हा शूरांचा मार्गही धरून पाहिला. कंपाइलरला हाक मारली, तर अशी कुठलीही आज्ञा माहीत नाही, म्हणाला. त्याचा पत्ता ‘पाथ’मध्ये घालावा लागतो. तो घातला, तर त्याला फाइल सापडेना. फाइल समोर दिसतेय, नाव तेच, स्पेलिंग तेच. नोटपॅडनं तिच्या शेपटीला गुपचूप आणखी एक ‘डॉट टीएक्सटी’ लावून ठेवलं होतं आणि विंडोजनं ती शेपटी सभ्यपणे झाकली होती.

शेवटी शेजारची नववीतली मुलगी पेन ड्राइव्ह घेऊन आली. आयसीएसईच्या शाळेत ही मुलं जावाच शिकतात, आणि ती ब्लूजेवर. “काका, तुम्ही नुसतं उघडता आणि बंद करता,” ती म्हणाली. भिंती पातळ आहेत. ब्लूजे हे 1999 पासूनचं, मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात मायकेल कोलिंग आणि सहकाऱ्यांनी खास शिकणाऱ्यांसाठी केलेलं. लागणारं जावा ते आपल्या सोबतच आणतं. माझ्या कॉम्प्युटरवर ते उघडलं, आणि उघडंच राहिलं. निवड करायला काही उरलंच नाही, याचं मला मनातून वाईट वाटलं.

प्रोग्राम त्या संध्याकाळीच झाला. जावात नावं देवनागरीत देता येतात, हे कळल्यावर तर मला भरूनच आलं. माझी मुख्य ओळ अशी होती: व्याज = थकबाकी * (21 / 100); अर्धविराम एकच. यादी छापली, सेक्रेटरींना दिली, आणि सभेला इस्त्रीचा शर्ट घालून गेलो.

खजिनदारांनी चष्मा लावून यादी वाचायला घेतली. पहिल्या थकबाकीदाराचं व्याज, शून्य. दुसऱ्याचं शून्य. खाली शेवटपर्यंत शून्य पॉइंट शून्य, आणि एकही ‘ओ’ नाही. टाइपाची निवड वाया गेली नव्हती.

झालं होतं असं, की शाळेतल्या कंचेभागुबेवला जागून मी कंस आधी सोडवायला लावला. कंसात दोन्ही पूर्णांक, आणि जावात पूर्णांकाला पूर्णांकानं भागलं की उत्तरही पूर्णांकच. अपूर्णांकाचा भाग सरळ कापला जातो. म्हणजे 21 भागिले 100 बरोबर शून्य. त्या मुलीनं कठड्याला टेकूनच सांगितलं, “काका, 100 ऐवजी 100.0 लिहा.” भाच्याला रात्री फोन केला, तर तो म्हणे, “इंटेलिजे असतं ना मामा, तर नेमका तोच भागाकार पिवळा करून दाखवला असता.”

पण ते रात्री. सभेत खजिनदार माझ्याकडे बघत होते, सेक्रेटरी इतिवृत्ताची वही बंद करू पाहत होते, इतक्यात सगळ्यात मोठे थकबाकीदार उठले आणि संस्थेला आधुनिक हिशेबपद्धती मिळवून दिल्याबद्दल माझ्या अभिनंदनाचा ठराव त्यांनी मांडला. प्रोग्राममध्ये यापुढे कोणताही बदल करू नये, अशी त्यात पुरवणी होती. अनुमोदनाला यादीतले बाकीचे सगळे एकदम उभे राहिले.