तारपेवाला पुसू नका

उड्डाणपुलाच्या खांबावर, शाळेच्या कुंपणावर, चहाच्या कपावर, पडद्यांवर वारली माणसं फेर धरून नाचताना दिसतात. एकदा त्या फेराच्या मधोमध पाहा. कुठे फूल असतं, कुठे सूर्य, तर कुठे चक्क कंपनीचं बोधचिन्ह. तारपेवाला गायब! मग ही माणसं नाचतायत कुणाच्या तालावर?

डहाणू, जव्हार, तलासरीच्या पाड्यांवर तारप्याशिवाय हा नाच उभाच राहत नाही. सुकवलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, मेणाने बुजवलेले सांधे आणि पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. भात कापून झालं की वादक अंगणात उतरतो. फुगवलेल्या गालांतली हवा सोडता सोडताच नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. त्याने चाल बदलली की पावलं बदलतात. तारप्याकडे पाठ करायची नाही, हा दंडक. चित्रातलं ते वेटोळं या पावलांनीच आखलंय.

लग्नाच्या चौकाचंही तसंच. सवासिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, त्यात पालघाट देवी बसते आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. चित्र आणि गाणं हे एकच कार्य आहे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रं भिंतीवरून कागदावर आणली, जगभर नेली; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या फेरातला तारपेवाला मात्र आपल्या जागेवरून हलला नाही.

तो हलवला आपण. नक्षी घेतली, सूर टाकून दिला.

म्हणून मागणी साधी आहे. नगरपालिकांनी भिंती रंगवण्याचं काम वारली चित्रकारांनाच द्यावं. उद्घाटनाला तारपेवाल्याला बोलवावं आणि नुसती शाल-श्रीफळावर बोळवण न करता रीतसर मानधन द्यावं. वारली चित्रांचे वर्ग घेणाऱ्या शाळांनी मुलांच्या हाती ब्रश देण्याआधी त्यांना तारपा ऐकवावा. तो शिकायला दमसास लागतो, उमेदीची वर्षं लागतात. त्यावर चूल पेटणार नसेल, तर पाड्यावरचा पोरगा तारपा खाली ठेवून वीटभट्टीची वाट धरणार. त्याला दोष देण्याचा हक्क आपल्याला नाही.