बचतीची ट्रॉली

२००२ साली पवईत पहिलं दुकान थाटणाऱ्या डीमार्टनं नाशिककरांनाही बचतीचा नवा अर्थ शिकवला: जे घ्यायचंच नव्हतं, ते स्वस्तात घेणं. यादीत तूरडाळ, साखर, भांड्यांचा साबण; ट्रॉलीत त्यांच्या जोडीला झाकणाचे तीन डबे, दोन पायपुसणी आणि एकावर एक फुकट शेवया. पाटीवर छापील किंमत आणि दुकानाची किंमत शेजारी शेजारी; मधला फरक ही म्हणे आपली कमाई. डाळ स्वस्त पडते, हे कबूल. पण रविवार कारंजाकडचा किराणावालाही बरेचदा छापील किमतीखाली देतो, आणि पायपुसणी ठेवत नाही, हे त्याचे उपकारच. उरला युक्तिवाद ‘घरात लागतंच की’ हा. तो माळ्यावर, गेल्या दिवाळीच्या डब्यांशेजारी, खोक्यासकट ठेवलेला आहे.