चित्रं झाकावी कशी? नवोदित चित्रकारांसाठी वेबसाइट-सुधारणेची सोपी मार्गदर्शिका

पहिली वेबसाइट तयार झाली. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिंक पडली, आणि दोन काकांनी ती न उघडताच ‘अप्रतिम!’ लिहिलं. अभिनंदन. आता सुधारणेला लागू या. ही मार्गदर्शिका जलरंग, तैलरंग, ॲक्रिलिक अशा सर्व पंथांना चालते. हेतू एकच: पाहुणा यावा, दमावा आणि चित्र न बघता परत जावा.

सुरुवात दारापासून. वेबसाइट उघडल्या उघडल्या चित्र दिसणं हे संस्कारांत बसत नाही. आपल्याकडे दीपप्रज्वलनाशिवाय कुठलाही कार्यक्रम सुरू होतो का? तेव्हा पहिल्या पानावर समई हळूहळू पेटवा, तुमचं नाव एकेक अक्षर करून उमटू द्या आणि मागे बासरी लावा. बासरी आपोआप सुरू झाली पाहिजे. ऑफिसात साहेबांची नजर चुकवून चित्रं बघायला आलेला माणूस पहिल्या सुरालाच पळतो. एक गिऱ्हाईक कमी झालं. पूर्वी ही समई फ्लॅश या सॉफ्टवेअरमध्ये पेटवत. डिसेंबर २०२० संपताना ॲडोबीने फ्लॅश बंद केलं आणि त्यात बांधलेली कितीतरी हौशी कलादालनं अंधारात गेली. उलट टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ साली सर्नमध्ये प्रसिद्ध केलेली जगातली पहिली वेबसाइट, नुसता मजकूर आणि लिंका, आजच्या मोबाइलवरही निमूट उघडते. यावरून काही धडा घ्यावासा वाटेल. घेऊ नका.

आता मुख्य विधी: चित्राचा फोटो. इथे घाई नको, कारण खरं नुकसान इथेच होतं.

चित्र फ्रेममधून काढू नका, काच तर मुळीच नको. रात्री जेवणं झाल्यावर हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली उभे राहा आणि फ्लॅश मारा. ‘मावळतीचा पन्हाळा’ या तुमच्या जलरंगातल्या चित्रात बुरुजाच्या डाव्या अंगाला एक बनियनधारी गृहस्थ मोबाइल धरून उभे दिसतील. ते तुम्हीच. ट्यूबलाइटमुळे मावळतीची केशरी छटा शेवाळी होईल, कागदाचा पांढरा पिवळसर पडेल. फोटो खालून वर, तिरका घ्या, म्हणजे चौकोनी चित्र वर निमुळतं होतं आणि गडाला आपोआप उंची येते. कडेला पडद्याची झालर आणि कॅलेंडरचा कोपरा राहू द्या; घरपण वाटतं.

काही हट्टी मंडळी याच्या उलट करतात. सकाळी गॅलरीत, थेट ऊन येत नाही अशा सावलीत चित्र उभं करतात, काच काढतात, कॅमेऱ्याचं भिंग चित्राच्या बरोबर मध्यावर आणि समांतर धरतात, थोडं मागे सरकून झूम करतात. मग मूळ चित्र शेजारी ठेवून स्क्रीनवरचा रंग जुळवतात आणि फाइल एसआरजीबी या रंगव्यवस्थेत साठवतात, कारण बहुतेक मोबाइल आणि ब्राउझर तीच गृहीत धरतात. अशा लोकांची चित्रं चित्रांसारखी दिसतात. त्यात कसली गंमत?

फोटो काढल्यावर तो जसाच्या तसा चढवा. बारा मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा आणि चार-पाच एमबीचा असतो. असे तीस फोटो एकाच पानावर टाकले की दीडशे एमबी झाले. आंबोली घाटात एसटीत बसलेल्या रसिकाच्या मोबाइलवर तुमचा पन्हाळा वरून खाली, एकेक पट्टी करत उतरेल. बुरुज येईपर्यंत सावंतवाडी येईल. लांब बाजू १६०० ठिपक्यांवर आणून फाइल तीन-चारशे केबीत बसवता येते आणि स्क्रीनवर फरक कळतही नाही, ही माहिती वेबसाइट बनवून देणाऱ्या भाच्यापासून लपवून ठेवा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असला तरी पोरगा ऐकेल आणि करून टाकेल.

चोरीचा बंदोबस्त हवाच. चित्राच्या ऐन मध्यावर, शक्यतो चेहऱ्यावर, आपली सही तिरकी आणि जाड छापा. माउसची उजवी कळ दाबली की ‘चोरी करणे पाप आहे’ अशी पाटी यावी. चोर स्क्रीनशॉट काढून जातो, ते सोडा. प्रामाणिक माणूस ओशाळतो ना, बस्स. खरं पाहता १६०० ठिपक्यांचं चित्र छापखान्याच्या ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम सव्वापाच इंच छापतं, म्हणजे लहान फाइल हाच चांगला पहारेकरी. शिवाय १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्र काढलं की हक्क सहसा तुमचाच. नोंदणीची सक्ती नाही, आणि तो तुमच्या हयातीनंतर साठ वर्षं टिकतो. पण कायद्याला जाड अक्षर नसतं.

चित्रं आपोआप सरकती ठेवा. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये सावळाराम हळदणकरांची दिवा घेतलेली स्त्री आहे, जलरंगात. लोक तिच्यासमोर हवा तेवढा वेळ उभे राहतात. दर तीन सेकंदांनी तिला बाजूला सारून कोणी पुढचं चित्र आणत नाही. ही त्या काळाची मर्यादा. तुमच्याकडे तंत्रज्ञान आहे.

पार्श्वभूमीला जांभळा रंग आणि गुलाबपाकळ्या. यावर अधिक सांगणे न लगे.

मेनूत ‘चित्रं’ असा सरळ शब्द नको. ‘स्पंदन’, ‘रंगयात्रा’, ‘अंतर्नाद’, ‘ऋणानुबंध’ अशी दालनं करा. चित्रं ‘अंतर्नाद’मध्ये ठेवा. ‘स्पंदन’मध्ये सत्काराचे फोटो: शाल, श्रीफळ, नगरसेवक, पुन्हा शाल. चित्रं सहा असतील तर शाली निदान दहा हव्यात. मनोगतही लांबलचक हवं. ‘अवकाश’, ‘अमूर्त’ आणि ‘स्व’ हे तीन शब्द दर ओळीत आलटून पालटून यावेत. वासुदेव गायतोंडे आपल्या बहुतेक चित्रांना नावसुद्धा देत नसत, तरीही न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने २०१४ मध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं. तो अपवाद समजावा.

आता व्यवहार. जहांगीर आर्ट गॅलरीत चित्राशेजारी छोटी चिठ्ठी दिसते: नाव, माध्यम, आकार. तुम्ही आकार लिहू नका. सोफ्याच्या वरची चार फूट भिंत मोजून आलेल्या माणसाला तुमचं चित्र पोस्टकार्डाएवढं आहे की दाराएवढं, याचा पत्ता लागता कामा नये. किमतीच्या जागी ‘संपर्क साधा’. संपर्काच्या पानावर भाच्याचा अकरावीतला ईमेल पत्ता, ज्याचा पासवर्ड तो विसरला आहे. चित्र विकलं गेलं तरी तसं नोंदवू नका. तेच चित्र तीनदा मागितलं जाण्यात प्रतिष्ठा आहे.

तुमचं नाव मजकुरात टाइप न करता सुलेखनात काढून त्याचं चित्र चिकटवा. गुगलला ती अक्षरं नावासारखी सापडणं कठीण जातं. फाइलींची नावं कॅमेऱ्याने दिली तशीच, नुसते आकडे. अंध व्यक्तीचं स्क्रीन रीडर चित्राला जोडलेलं वर्णन वाचून दाखवतं. तिथे ‘सूर्यास्ताच्या उजेडात पन्हाळ्याचा बुरुज, जलरंग’ एवढं लिहायला अर्धं मिनिट लागतं. तेवढा वेळ कलावंताकडे कुठून असणार?

शेवटी एक धोक्याची सूचना. शेजारच्या काकूंच्या जुन्या मोबाइलवर ही वेबसाइट उघडून, त्यांच्या हातात देऊन, गप्प बसून राहायचं असं काही चुकूनही करू नका. ‘अहो, चित्रं कुठे आहेत?’ असं त्या पहिल्या मिनिटात विचारतील. तुम्ही त्यांचं ऐकलंत, तर ही सगळी मार्गदर्शिका वाया जाईल, आणि त्याला आम्ही जबाबदार नाही.