किलोमीटरला किती पडतं?

म्हशीला आणि मोटारीला आपल्याकडे एकच प्रश्न विचारतात: किती देते? म्हशीचा मालक फार तर अर्धा-पाऊण लिटर चढवून सांगतो. मोटारवाल्याला तसला संकोच नसतो. त्यात आता इंधनं चार झाली आणि त्यांची मापंही निरनिराळी. पेट्रोल-डिझेल लिटरवर, सीएनजी किलोवर, वीज युनिटवर. मग तुलना करायची कशी? म्हणून हल्ली विचारतात, किलोमीटरला किती पडतं? हा साधा भागाकार आहे. वर काय धरायचं आणि काय विसरायचं, ते ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर.

अधिकृत सोय नाही असं नाही. गाड्यांच्या मायलेजचे दाखले देणारी एआरएआय ही संस्था आमच्या पुण्यातच आहे, कोथरूडच्या टेकडीवर. तिथे गाडी रोलरवर चढवून जागच्या जागी पळवतात. खड्डा नाही, आडवी येणारी दुचाकी नाही, शेजारच्या सीटवरून ‘अहो, तो ट्रक’ म्हणणारं कुणी नाही. अशा सुखात कुठलीही गाडी बावीस देईल. त्याच टेकडीवर पुणेकर रोज पहाटे पायी फिरायला जातात. खाली येऊन गाडी काढतात आणि चौदावर समाधान मानतात.

माझी गाडी पेट्रोलची. लिटर शंभरीच्या पुढे, शहरात गाडी चौदा देते, म्हणजे किलोमीटरला साडेसात रुपये. नातेवाइकांत हा आकडा मी खाली मान घालून सांगतो. त्यात गेल्या काही वर्षांत पेट्रोलमध्ये इथेनॉल येता येता वीस टक्क्यांवर आलं. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी, त्यामुळे मायलेज थोडं घसरतं. भाव मात्र जागचा हलत नाही. हे इथेनॉल येतं कुठून? काही उसातून. आणि ऊस कोण लावतो? माझे साडू. शिरोळला त्यांची बागायत आहे. म्हणजे त्यांचा ऊस कारखान्यात जातो, तिथून माझ्या टाकीत येतो, माझं मायलेज खातो, आणि साडू स्वतः सीएनजीची गाडी घेऊन आमच्या दारात उतरून विचारतात, “काय ओ पावणं, किती पडतंय?”

त्यांना चार रुपये पडतं. गॅस नव्वदीच्या घरात, किलोला बावीस-तेवीस किलोमीटर, हिशेब चोख. मात्र तीच गाडी पेट्रोलवर घेतली असती तर लाखाला थोडे कमी एवढे पैसे वाचले असते, हे त्यांच्या भागाकारात वर येत नाही. ते वसूल व्हायला पंचवीस हजार किलोमीटर गाडी पळायला हवी. साडूंनी ते फार मनावर घेतलं आहे. पूर्वी घरी चहा पिणारा माणूस आता वसुलीसाठी कोल्हापूरला मिसळ खायला जातो. मिसळीचे पैसे इंधनात धरत नाहीत.

गॅस भरणं हा स्वतंत्र विधी आहे. रांग पंपाच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला. नंबर लागला की सगळ्यांनी खाली उतरायचं. म्हातारी माणसं, झोपलेली पोरं, मांडीवरचा डबा, सगळा संसार फरशीवर. मग नळीवाला काट्याकडे बघून सांगतो, “प्रेशर नाय, निम्मीच भरंल.” टाकीत गॅस दोनशे बारपर्यंत दाबून बसवायचा असतो. पंपाचाच दाब उतरला तर उरलेली जागा पुढच्या रांगेसाठी. जिथे पाइपलाइन नाही तिथे तर गॅस ट्रकवरच्या नळकांड्यांतून येतो, आणि ‘गाडी आली नाही’ हे वाक्य ऐकून माघारी फिरावं लागतं. त्या फेरीचा गॅस कुठल्या खात्यात टाकायचा? डिकीत सिलिंडर असल्यामुळे सामान माणसांच्या मांडीवर. दर तीन वर्षांनी त्या सिलिंडरची तपासणी. आणि खंबाटकी घाट लागला की साडू शांतपणे म्हणतात, “एसी बंद करतो जरा, वारं छान हाय.” मे महिन्यात.

मेहुणा हिंजवडीत कामाला, त्याची गाडी विजेवरची. तो आकडा तोंडाने सांगत नाही, मोबाइलवर दाखवतो. युनिटला सात किलोमीटर, किलोमीटरला दीड रुपया. पुढे कोणी बोलत नाही. पण विजेच्या बिलाला पायऱ्या असतात. शंभर, तीनशे, पाचशे. जितकं वर चढाल तितकं युनिट महाग, आणि पाचशेच्या वरचं युनिट पहिल्या शंभरातल्या युनिटाच्या दुपटीहूनही पुढे जातं. गाडी घरच्या मीटरवर जोडल्याच्या पहिल्या महिन्यात त्याचा गीझरसुद्धा चैनीत जमा झाला. मग गाडीसाठी वेगळा मीटर घ्यायचं ठरलं. त्यासाठी सोसायटीची परवानगी. त्यासाठी सभा. सभेत पार्किंगमधल्या केबलवर सुरू झालेली चर्चा गच्चीवरच्या कुंड्यांवर गेली आणि गणसंख्येअभावी संपली.

प्रवासात चार्जिंग करायचं तर प्रत्येक कंपनीचं ॲप निराळं आणि त्यात आधी पैसे भरायचे. त्याचे थोडे थोडे रुपये निरनिराळ्या वॉलेटांत पडून आहेत, आणि ते संपवण्यासाठी कुठे जाता येईल याचा तो नकाशा बघत असतो. हायवेवरच्या फास्ट चार्जरचा दर धरला तर दीडाचे तीन रुपये होतात. पण लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना ब्रेकची ऊर्जा बॅटरीत परत जाते, तेव्हाच्या चढत्या आकड्याचा त्याने फोटो काढून ठेवला आहे. येताना खोपोलीहून लोणावळ्याला चढावं लागतं. त्याचा फोटो नाही.

मामेसासऱ्यांची डिझेलची. २०१२ च्या सुमारास डिझेल पेट्रोलपेक्षा लिटरमागे पंचवीस-तीस रुपयांनी स्वस्त होतं, तेव्हा त्यांनी ती पेट्रोलवाल्यांवर दया करत घेतली. २०१४ च्या ऑक्टोबरात सरकारने डिझेलचा भाव बाजारावर सोडला. अंतर निम्म्याने आटलं, दया गेली. आता ते फक्त “पिकअप बघा पिकअप” म्हणतात.

खरं तर इंधन हा गाडीचा सर्वांत मोठा खर्च नव्हेच. माझी गाडी आठवडाभर पार्किंगमध्ये उभी असते. तिचा विमा चालू असतो, कर्जाचा हप्ता जात असतो, आणि जुन्या गाडीच्या बाजारात तिची किंमत रोज घरंगळत असते. हे सगळं घेऊन किलोमीटरने भागलं तर चारही इंधनं एका रांगेत येऊन बसतात. आणि ज्या महिन्यात गाडी हललीच नाही, त्या महिन्यात शून्याने भागावं लागतं. पण हे नातेवाइकांत बोलता येत नाही. वातावरण बिघडतं.

मुलीच्या केळवणाला या चारही गाड्या आमच्या खाली उभ्या होत्या. पानं वाढून झाली तरी चौघांच्या हातात मोबाइल आणि मोबाइलवर कॅल्क्युलेटर. एवढ्यात सासूबाई आल्या. सांगलीहून, एसटीने. एका हातात भडंगाची पिशवी, दुसऱ्यात बेदाणे. त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, आणि २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट आहे. दोनशे तीसेक किलोमीटर, तिकीट शून्य. पंगतीत क्षणभर सन्नाटा. मेहुण्याचा दीड रुपया एकदम उधळपट्टी वाटायला लागला.

साडू मात्र हार मानणारे नव्हेत.

“स्वारगेटवरनं इथवर रिक्षाला किती दिलं, आई?”

“एकशेवीस.”

साडूंनी बोटं चालवली. “म्हंजे बावन्न पैसे पडलं की किलोमीटरला. फुकट कसलं?”

सासूबाईंनी पिशव्या खाली ठेवल्या, पदराने कपाळ पुसलं आणि खिडकीतून खाली पार्किंगमध्ये बघितलं.

“चारांतली एक गाडी स्वारगेटला आली असती,” त्या म्हणाल्या, “तर तेही पडले नसते.”