मूळ पेपर कोरा, पुरवण्या चार

डबा आला तेव्हा वॉचमनने खालून इंटरकॉमवर विचारलं, "साहेब, कलर आलाय तुमचा. वर पाठवू का पार्किंगमध्येच ठेवू?" त्याची चूक नव्हती. काळा, गोल, बुटका, लाल झाकणाचा तो दोन किलोचा डबा कुणालाही वॉटरप्रूफिंगच्या रसायनाचाच वाटला असता. बायकोनेसुद्धा दार उघडताच "चला, गच्चीचं काम एकदाचं काढलंत म्हणायचं" असं समाधान व्यक्त केलं. मग तिने लेबल वाचलं. मग बिल वाचलं. सहा हजार चारशे. "एवढ्यात गच्ची झाली असती," एवढं एकच वाक्य बोलून ती आत गेली. ते वाक्य अजून घरात हिंडतंय.

आपल्याकडे जिम 'लावतात'. पेपर लावावा, दुधाचा रतीब लावावा, तसं. फरक इतकाच की रतीब दाराशी येतो आणि जिमला आपल्याला जावं लागतं. हा फरक वर्षाचे पैसे एकरकमी भरल्यानंतर लक्षात येतो. मी जानेवारीत लावलं. कोथरूडमध्ये जानेवारीत जिम लावणाऱ्यांची जेवढी गर्दी असते, तेवढी संकष्टीला गणपतीलाही नसते, आणि ती ओसरतेही तितक्याच भक्तिभावाने.

ट्रेनर मुलगा चांगला होता. वय तेवीस-चोवीस, दंड माझ्या मांडीएवढे. पहिले पंधरा दिवस मला 'काका' म्हणाला. पर्सनल ट्रेनिंगचे पैसे भरले त्या क्षणापासून 'सर' म्हणू लागला. त्याचा पहिला प्रश्न, "सर, प्रोटीन किती जातं?" मी म्हटलं, "जेवतो की व्यवस्थित." यावर त्याने ज्या नजरेने माझ्याकडे पाहिलं, ती नजर मी पूर्वी फक्त दातांच्या डॉक्टरांकडे पाहिली होती. मग त्याने मोबाइलवर हिशेब केला. वजन बहात्तर किलो, गुणिले दोन. रोजचं प्रोटीन एकशे चव्वेचाळीस ग्रॅम! आमच्या पिढीला हा आकडा जमावबंदीचं कलम म्हणून पाठ आहे. ते आता पोटात लागू करायचं होतं.

"एवढं जेवणातून कसं येणार सर? सप्लिमेंट घ्यावंच लागेल."

सप्लिमेंटला मराठीत पूरक आहार म्हणतात, पण आमच्या शाळेत एकच सप्लिमेंट ठाऊक होतं, ते म्हणजे पुरवणी. परीक्षेला बसल्यावर तासाभरात एक मुलगा हमखास उठून उभा राहायचा आणि खणखणीत आवाजात म्हणायचा, "सर, पुरवणी!" बाकीच्यांच्या पोटात गोळा यायचा. आमचा मूळ पेपर अजून तिसऱ्या पानावर आणि हा पुरवणीवर गेला! दुसरी पुरवणी, तिसरी पुरवणी, शेवटी चौथी. मग निकाल लागायचा आणि कळायचं की त्याने प्रश्नच पुन्हा पुन्हा उतरवून काढले होते. पुरवणी दोऱ्याने मूळ पेपराला बांधायची असते. मूळ पेपरात काही नसेल, तर ती नुसती रद्दी.

माझा मूळ पेपर सांगतो. फेब्रुवारीत मी अकरा दिवस गेलो. त्यातले दोन दिवस ट्रेनर सुट्टीवर होता, एक दिवस लाइट नव्हती, आणि एका दिवशी शेजारच्या ट्रेडमिलवर जुना वर्गमित्र भेटला, तेव्हा व्यायाम फक्त जबड्याचा झाला. डबा मात्र एकही दिवस चुकला नाही. "रेस्ट डेलाही घ्यायचं सर, मसल तेव्हाच रिकव्हर होतात," असं ट्रेनरने सांगितलं होतं. हे मला फार पटलं. माझे स्नायू कॉलेज संपल्यापासून रिकव्हरच होत आहेत.

डब्यात नेमकं काय आहे, हे पाहायला मी चष्मा लावून बसलो. स्वाद मलाई कुल्फी. एका चमच्यात, म्हणजे त्यांच्या भाषेत एका स्कूपमध्ये, २४ ग्रॅम प्रोटीन. कोपऱ्यात बारीक अक्षरात, औषधी वापरासाठी नाही. आणि मुख्य घटक, व्हे. हे व्हे म्हणजे चीज करताना दूध फाटलं की दह्यासारखा घट्ट भाग काढून घेतल्यावर खाली उरतं ते पाणी. आपल्याकडे श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून नळाला टांगतात आणि खाली पातेलं ठेवतात, त्या पातेल्यातल्या पाण्याचं हे थोरलं, परदेशात शिकून आलेलं भावंड. आई त्या पाण्यात कणीक भिजवायची. तिने कधी 'आयसोलेट' असा शब्द उच्चारला नाही.

युरोप-अमेरिकेतल्या चीजवाल्यांना हे पाणी म्हणजे वर्षानुवर्षं डोकेदुखी होती. डुकरांना पाजायचे, शेतात सोडायचे, नदीत सोडायचे. नदीतले मासे मरायला लागले, सरकारने कान धरला, तेव्हा ते गाळून, आटवून, वाळवून त्याची पावडर करायचं तंत्र सुधारत गेलं. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण एक पंचमांशच या पाण्यात उतरतं, बाकीचं चीजमध्ये जातं. त्यामुळे पाण्यात प्रथिन एक टक्काही नसतं, आणि माझ्या एका स्कूपमागे तीन-चार लिटर पाणी खर्ची पडलेलं असतं. प्रथिन म्हणून ते उत्तम आहे, पचतं लवकर, हे कबूल करायलाच हवं. थट्टा त्याची नाही. थट्टा आहे ती नदीत ओतायच्या वस्तूवर लाल झाकण बसवून ती मला विकणाऱ्याच्या हुशारीची, आणि थोडी माझी.

आता ते २४ ग्रॅम खरोखर २४च आहेत का? इथे पुन्हा परीक्षा आली. डेन्मार्कमध्ये योहान केल्डाल नावाचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल्सबर्ग बिअरच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. धान्यातलं प्रथिन मोजायला त्यांनी १८८३ मध्ये एक पद्धत काढली. ती अजूनही चालते. गंमत अशी की ती प्रथिन मोजतच नाही, नायट्रोजन मोजते. मग त्या आकड्याला साधारण सव्वासहाने गुणायचं, की झालं प्रथिन. म्हणजे परीक्षकाने उत्तर न वाचता पुरवण्या मोजून मार्क द्यावेत, तसं. हे ज्याला कळलं त्याने व्हे कमी केलं आणि ग्लायसीनसारखं स्वस्त अमिनो आम्ल डब्यात मिसळलं. नायट्रोजन भरपूर, मार्क भरपूर. चीनमध्ये २००८ साली याच पळवाटेने दुधात मेलामाइन घातलं गेलं आणि तान्ही बाळं दगावली. तिथे थट्टा संपते.

आपल्याकडच्या बाजारातल्या ३६ पावडरी तपासून २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे सत्तर टक्के डब्यांचा छापील आकडा आतल्या मालाशी जुळला नाही. मी हे ट्रेनरला सांगितलं. तो म्हणाला, "ते बाकीच्या ब्रँडचं असतं सर."

व्यायाम संपल्यापासून अर्ध्या तासात शेक पोटात गेलाच पाहिजे, नाहीतर 'विंडो' बंद होते, हा त्याचा आणखी एक दंडक. शासकीय कार्यालयात जेवणाच्या सुट्टीआधी खिडकी गाठायची सवय असल्याने मला यात काही गैर वाटलं नाही. मी नळस्टॉपच्या सिग्नलला, एका हाताने हेल्मेटची काच वर करून, दुसऱ्या हाताने मलाई कुल्फी प्यायलो आहे. मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला, मी दचकलो, आणि खिडकी शर्टावर बंद झाली. पुढे वाचनात आलं की ही खिडकी अर्ध्या तासाची नाहीच, चांगली काही तास उघडी असते, आणि दिवसभरात एकूण किती खाल्लं याला जास्त महत्त्व आहे. शर्टाचा डाग मात्र गेला नाही.

शेकर या भांड्याबद्दल कुणी का लिहीत नाही? शनिवारी पिऊन झाल्यावर 'घरी जाऊन धुऊ' म्हणून बॅगेत टाकायचा, रविवारी विसरायचा आणि सोमवारी जिमच्या बाकावर बसून झाकण उघडायचं. ज्याने हे केलं आहे त्याला पुढचं सांगायला नको. ज्याने केलं नाही त्याच्यासाठी सांगतो, शेजारी डंबेल मारत असलेला मुलगा डंबेल खाली ठेवून गेला. झाकणाच्या चाकोरीत जो पिवळट थर बसतो, तो काढायला बायकोने दात घासायचा जुना ब्रश दिला आणि तो ब्रश नंतर घरात परत न आणण्याची अट घातली.

आणि लिफ्ट. पावडरीत थोडं लॅक्टोज उरतं, दूध न सोसणाऱ्या पोटात त्याचं काय होतं ते पोटाला विचारावं. आमची लिफ्ट सहा माणसांची आहे. सध्या मी जिन्याने जातो. तीन महिन्यांत माझ्याकडून झालेला खरा व्यायाम तो एवढाच.

मामाला हे सगळं फोनवर सांगितलं. मामा कोल्हापूरचा, वय ऐंशीच्या पुढे, तरुणपणी तालमीत राहिलेला. पहाटे चारला उठून जोर-बैठका, मग हौद्यातली लाल माती, मग गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध, मिशीला फेस लागेस्तोवर. बदाम, तूप, थंडाई हा खुराक वेगळा. तो म्हणाला, "आधी माती खा रं, मग दुधाचं बघू." आता इथे 'आमच्या वेळी कसं शुद्ध होतं' असा सूर लावायचा मोह होतो. तो मी आवरतो, कारण तो खुराकही काही स्वस्त नव्हता. शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं केलं, म्हणून कितीकांच्या पोटात ते बदाम गेले. ज्याला आश्रय नव्हता तो शेंगदाणे खाऊन लढला. आणि मामाच सांगतो की खुराक न चुकता खाऊन आखाड्याकडे न फिरकणारे पैलवान तेव्हाही होते. त्यांची पोटं पुढे नगरपालिकेत निवडून आली.

जिममधला 'मारणं' हा शब्द मात्र तालमीतूनच आलाय. तालमीत जोर मारायचे, बैठका मारायच्या. जिममधली पोरं विचारतात, "आज काय मारलं? चेस्ट का बॅक?" मी सेट कमी मारतो, थापा जास्त.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात प्रोटीन पावडरी टाळा असं सांगितलंय, आणि हेही की व्यायाम करणाऱ्याला किलोमागे १.६ ग्रॅमच्या वर प्रथिन देऊन स्नायूंत आणखी वाढ होत नाही. साध्या निरोगी माणसाची गरज किलोमागे ०.८३ ग्रॅम. म्हणजे माझी साठ. हे ट्रेनरला दाखवलं. त्याने शांतपणे विचारलं, "त्या सायंटिस्टची बॉडी बघितली का सर तुम्ही?" याला उत्तर नाही.

मग एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन मी माझंच ताट तपासलं. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, भाजी, वाटीभर आमटी, भात, थोडं दही, रात्री तेच दहीवजा, आणि मध्ये चहा. बेरीज पंचेचाळिसाच्या आसपास. साठ हवेत, पंधरा कमी पडतात. म्हणजे ट्रेनर अगदीच खोटं बोलत नव्हता. पोळी-भाताच्या डोंगरावर आमटीची एक वाटी, हे आपलं मध्यमवर्गीय ताट या विषयात जेमतेम काठावर पास होणारं आहे. पण पंधरा ग्रॅमांचं काय मोठंसं? दोन अंड्यांत बारा, मूठभर शेंगदाण्यांत सात. अंडं चालत नसेल तर मोड आलेली मटकी, उकडलेले हरभरे, आमटीत डाळ जरा दिसेल एवढी. खर्च वीसेक रुपये. जो पोरगा खरंच घाम गाळतो, होस्टेलवर राहतो, मेसच्या पातळ वरणात ज्याला डाळ शोधावी लागते, त्याने एखादा स्कूप घेतला तर मी त्याला हसणार नाही. धडधाकट माणसाची किडनी त्याने बिघडते, असंही सिद्ध झालेलं नाही. ज्याची मुळातच दुखणाईत आहे त्याने मात्र डॉक्टरला विचारावं, ट्रेनरला नव्हे.

मी दंड भरायला गेलो होतो, सहा हजार चारशेचा दंड भरून आलो. मार्चअखेरीस टेप लावली. दंड साडेबारा इंच, जानेवारीत होता तेवढाच. कंबर पाऊण इंचाने वाढली, कारण शेकबरोबर दुपारचं जेवणही मी सोडलं नव्हतं. पुरवणी मूळ पेपराला जोडायची असते, हे पोट कसोशीने पाळतं.

पाडव्याला बायकोने यंदा दही घरीच बांधलं. रात्रभर नळाला टांगलेलं फडकं, खाली स्टीलचं पातेलं. सकाळी पातेल्यात लिटरभर पिवळसर पाणी. मी म्हटलं, "यात प्रोटीन आहे, माहीत आहे का?" ती म्हणाली, "माहीत आहे. परात द्या इकडे."

चक्का घरी बांधत असाल तर खालचं पाणी ओतून देऊ नका. त्याने दंड येत नाहीत. पोळ्या मऊ होतात.